तुझ्याविरुद्ध दिलेली साक्ष

दादा, परवा अंबडच्या मुन्सफ कोर्टात मी शपथेवर सांगितले, की तू चुकला होतास.

एवढी मोठी गोष्ट घडली आणि ती जिथे प्रथम कळवायची तो पत्ताच आता उरला नाही. टाक दौतीत बुडवला की बोटे अजून तुझ्या हैदराबादच्या घराची अक्षरे काढू पाहतात. आज त्यांना आवरले आहे. दुपार उतरली आहे. पलीकडच्या जिनाचा, सरकी काढायच्या गिरणीचा, भोंगा होऊन गेला आहे, आणि कापसाचे तूस ओसरीवर तरंगत येऊन तुझ्या खुर्चीच्या हातांवर बसते आहे. मी ते झटकत नाही.

तू गेलास त्याला अजून दोन महिनेही झाले नाहीत. तुझ्या कॉलेजातली मंडळी तुझी विद्वत्ता, तुझी व्याख्याने, तुझे विद्यार्थी यांविषयी लिहितील आणि ते सारे खरे असेल. मी लिहिणार आहे ते एका विहिरीविषयी, आणि तिच्यावरून आपल्या दोघांत जे भांडण अर्धे राहिले त्याविषयी.

कॉलेजला सुटी लागून तू जालन्याला आलास की दोन दिवस नुसता झोपायचास. घरात शाईचा, आगगाडीच्या कोळशाचा आणि जुन्या कागदांचा मिळून एक वास पसरायचा. तोच माझा उन्हाळा. तिसऱ्या दिवशी पहाटे दारात बैलगाडी उभी. कधी बदनापुराकडची खेडी, कधी अंबडाकडची. तुझ्या पिशवीत कोरे कागद, माझ्या पिशवीत पीठ, मीठ, तिखट. तू गावोगावचे रिवाज गोळा करीत होतास. पुस्तकात कुठेच नसलेला आणि तरीही ज्यावर गाव चालते, तो कायदा. सामाईक विहिरीवर कोणाची मोट कोणत्या दिवशी चालावी, बांधावरच्या आंब्याचा पाड कोणाचा, वाट कोणाच्या शेतातून जावी. "हे कोणी लिहून ठेवलेले नाही, माई," तू म्हणायचास, "आणि कोर्ट मागते लिहिलेले. मंग गरिबाने दाखवावे तरी काय?" वर्गात उर्दूतून कायदा शिकवणाऱ्या, इंग्रजी निवाडे तोंडपाठ असलेल्या माणसाच्या बोलण्यात आईचा तो 'मंग' मधूनच उगवे, आणि मला वाटे, घर अजून पुरते मोडलेले नाही.

तुझी कामाची रीत ठरलेली. चावडीत जाणत्यांना विचारायचे, ऐकलेले नीट लिहायचे, आणि लिहिलेले तीन वेगवेगळ्या दिवशी चावडीतच मोठ्याने वाचून दाखवायचे. तिन्ही वेळा कोणी हरकत घेतली नाही, तर तो रिवाज कायम. वाचून झाले की तू चष्मा काढून गप्प बसायचास. शेजारच्या घराच्या मागच्या दाराशी उभी राहून मी ती शांतता ऐकायची. कोणी खाकरे, कोणी अडकित्ता मिटे, पिंपळाची पाने सळसळत. वडिलांनी मला लहानपणी छंद शिकवले, तेव्हा ओळीतल्या विसाव्याची जागा दाखवून ते म्हणाले होते, इथे श्वास घे. तुझे सारे संशोधन त्या एका श्वासावर उभे होते.

आणि बाजाराच्या दिवशी लिंबाखाली टाकलेली ती सतरंजी! ज्याला जे विचारायचे ते त्याने विचारावे. एकदा एका शेतकऱ्याने फेटा काखेत मारून विचारले, "साहेब, बायकू रुसून माहेरी गेली. तिला आणायचा कायदा हाय का?"

"आहे," तू गंभीरपणे म्हणालास. "पण त्याचा कागद निघून तिच्या गावी पोचेतो तिची भाऊबीज होईल. तुम्ही उद्याच जा."

"अन् न्हाई आली तर?"

"मंग चार दिवस तिथेच मुक्काम करा. सासरेच तिला जल्दी पाठवतील."

सारा बाजार हसला. सभेला परवानगी लागते म्हणून पाळतीवर बसलेला पोलिसाचा जमादारही हसला, आणि लोक पांगल्यावर त्यानेच हळूच आपल्या मेहुण्याच्या शेताच्या हद्दीची गोष्ट काढली. तू त्यालाही तितक्याच धीराने समजावलेस. तुझ्यापाशी कोणी लहान नव्हते. म्हणूनच पुढे जे झाले ते मला इतके लागले.

वडीगोद्रीला आपण गेलो, तो तीन उन्हाळ्यांपूर्वीचा वैशाख. तू चावडीत, मी एका घराच्या सोप्यात बायकांबरोबर ज्वारी निवडीत. माझे येणे म्हणजे तुझ्या जेवणाची सोय, असे तू समजत होतास. मीही तसेच समजत होते. पण सुपांचा आवाज चालू असला की बायका मोकळ्या बोलत. त्यांनी सांगितले, नवरा गेला आणि पोटी मुलगा नसला, तरी विहिरीवरची त्याची पाळी त्याच्या बाईकडेच राहते, ती जगेल तोवर. चौदाव्या दिवशी सासू, जावा आणि भावकीतल्या बायका तिला विहिरीवर नेतात आणि मोटेचा नाडा, तो तळहात सोलून काढणारा जाड दोर, तिच्या हातात देतात. पुरुषमाणसे त्या वेळी लांब थांबतात. तिच्या दुःखाजवळ उभे राहणे त्यांना बरे दिसत नाही. नाडा हातात आला की पाळी तिची.

परतीच्या वाटेवर मी तुला हे गाडीत सांगितले. तू कागद चाळलेस.

"चावडीत तर सगळे म्हणाले, मुलगा नसेल तर पाळी भावांकडे जाते. तीनदा वाचले. कोणी हरकत घेतली नाही."

"बायका कुठे येतात चावडीत?"

"त्यांचे पुरुष येतात ना."

"पुरुष तर त्या दिवशी विहिरीजवळही नसतात."

तू हसलास. "माई, तुला पुराव्याचा कायदा शिकवायला हवा. सुपाशी बसून ऐकलेली गोष्ट आणि रिवाज, यांत फरक आहे."

उन्हाने तापलेल्या मातीचा वास येत होता, बैलांच्या गळ्यातल्या घंटा एका लयीत वाजत होत्या, आणि मला वाटले, एवढा शिकलेला माणूस म्हणतो तर असेल. घरी आल्यावर तुझ्या वडीगोद्रीवरच्या लेखाची सुवाच्य प्रत मीच केली. तू शिकवलेल्या उर्दू अक्षरांत, उजवीकडून डावीकडे, ते वाक्यही मी लिहिले: निपुत्रिक मृताची पाळी त्याच्या भावांस जाते. टाक कुठेही अडखळला नाही. लेख कॉलेजच्या त्रैमासिकात छापला गेला. अंक आला तेव्हा मी तो देवापुढे ठेवला होता.

मागच्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, कौसाबाई आली. डोक्यावरून घट्ट घेतलेला पदर, टाचांच्या भेगांत काळी माती. वडीगोद्रीहून अंबडापर्यंत चालत आणि पुढे मोटारीने ती आली होती. दारात उभी राहूनच तिने विचारले, "मास्तर, तुमीच का ते, आमच्या गावाला लिवायला आल्ते?"

"हो. बसा, बाई."

"बसाया न्हाई आले. दिरानं तुमचं छापलेलं कोर्टात दावलं. दावा निकाली निघंपतुर मुन्सफानं माझी पाळी बंद केली." तिने पदराची गाठ सोडून मूठभर मिरच्या तुझ्यापुढे ठेवल्या. हिरव्याच सुकून वळलेल्या. "बघा. झाडावरच वाळून राह्यल्या."

तू आतून अंक आणलास. वाक्य वाचून तिला मराठीत समजावलेस, चावडी सांगितलीस, तीन वाचने सांगितलीस. तिने सगळे ऐकून घेतले.

"चावडीत व्हय? नाडा का चावडीत देतेत? माझ्या सासूनं दिल्ता, माझ्या या हातात, धा बायांदेखत. तुमी इहिरीवर यायचं होतं, मास्तर. तिथं इचारलं असतं तर म्या बी सांगितलं असतं."

तू बराच वेळ चष्मा पुसत राहिलास. "बाई, एका पक्षाच्या सांगण्यावरून छापलेले फिरवता येत नाही. तुम्ही कोर्टात जबाब द्या. मी तिथल्या चांगल्या वकिलाला चिठ्ठी देतो."

"चिठ्ठीनं पाणी येतं का?" ती म्हणाली. पण चिठ्ठी घेतली, आणि गेली.

ती दिसेनाशी होण्याआधीच मी ओसरीवर आले. "दादा, हे मी तुला गाडीत सांगितले होते."

"ऐकीव गोष्टींवर शास्त्र उभे राहत नाही."

"मंग पुरुषांनी सांगितले ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते?"

तू अंक मिटलास. तिथे मी थांबायला हवे होते. मी म्हणाले, "तुला लोकांचा कायदा नकोच आहे. तुझ्या नावाने छापलेला कायदा हवा आहे."

"बिलकुल गप्प बस," तू ओरडलास.

तू माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हतास. सोळाव्या वर्षी, कपाळ पुसले गेल्यावर, सासरहून मला आणायला तू आलास, तेव्हा परतीच्या सबंध प्रवासात तू माझ्याशी फक्त गवताच्या आणि पाखरांच्या नावांविषयी बोलला होतास. नंतरच्या इतक्या वर्षांत आपण दोघांनी सासरच्या त्या मळ्याचे नाव काढले नाही. त्या मळ्यातही विहीर होती. तिच्यावर माझीही पाळी असेल का, हे तू मला विचारले नाहीस; मी तुला विचारले नाही. बाकी साऱ्या मुलखातल्या विधवांविषयी आपण बोललो.

सुटीचे उरलेले आठ दिवस घरात फक्त भांडी बोलत होती. जायच्या दिवशी टांगा दारात आला. तू बसलास, मग वाकून म्हणालास, "दशम्या दिल्यास का?"

"पिशवीत आहेत."

आपले शेवटचे बोलणे हे.

तार आली तेव्हा तुला देवाघरी जाऊन एक दिवस उलटला होता. विषमज्वर, एवढेच तिच्यात होते. तुझी ट्रंक तीन आठवड्यांनी मालगाडीने आली. ती उघडली, तर वर तुझे कोट, खाली पुस्तके, आणि पुस्तकांच्या तळाशी घडी केलेले चार कागद. तुझे उर्दू अक्षर मी अंधारात चाचपूनही ओळखीन. वर फसली सालातल्या दै महिन्याची तारीख, म्हणजे इथून गेल्यावर महिन्याच्या आतली. त्रैमासिकाच्या संपादकांना लिहिलेल्या पत्राचा तो मसुदा होता. सही नव्हती, पत्र कधी गेले नव्हते.

त्यात तू लिहिले होतेस, की वडीगोद्रीच्या पाळीविषयीचे तुझे विधान अपुरे आहे आणि ते मागे घ्यावे. चौकशी फक्त पुरुषांकडे केली गेली. जो विधी स्त्रियांच्या हातून होतो त्याची साक्ष चावडीत मिळणे शक्यच नव्हते. खरी माहिती त्याच वेळी एका विश्वसनीय व्यक्तीकडून मिळाली होती. तिची दखल घेतली नाही, हा दोष सर्वस्वी लेखकाचा.

'विश्वसनीय व्यक्ती' हे शब्द ओळीच्या वर बारीक अक्षरांत होते. खाली दोन आडव्या रेघांनी खोडलेले पहिले शब्द उजेडाकडे धरल्यावर वाचता आले: माझी धाकटी बहीण.

दादा, ते का खोडलेस? माझे नाव चारचौघांत जाऊ नये म्हणून? की बहिणीचा दाखला पुरावा म्हणून कच्चा पडेल म्हणून? दोन्ही तुझ्याच स्वभावात बसते. मी त्या दोन रेघांवरून किती वेळा बोट फिरवले आहे. तू माझे म्हणणे मान्य केलेस आणि ते संपादकाला लिहायला बसलास. मला एक कार्ड टाकले असतेस! 'माई, तुझे बराबर होते.' मीही तुला लिहिणार होते, की तुला बोलले ते फार बोलले. संक्रांतीला तिळगुळाबरोबर पाठवीन म्हणून ठेवले. संक्रांतीपूर्वीच तार आली.

कागद घेऊन मी अंबडला गेले. ज्यांच्या नावे तू चिठ्ठी दिली होतीस ते हमीदसाहेब वकील आता कौसाबाईचा दावा चालवीत होते. त्यांनी मसुदा दोनदा वाचला, डोळ्यांना लावला. "कागज उम्दा आहे, बाई. लेकिन कागजाची उलटतपासणी होत नाही, आणि खाली सही नाही. अक्षर प्रोफेसरसाहेबांचं आहे हे सांगायला तुम्हाला उभं राहावं लागेल. आणि गावची एक तरी बाई पाहिजे, जिनं नाडा देताना पाहिलं."

वडीगोद्रीला या वेळी मी एकटी गेले. चावडीकडे गेलेच नाही. बायका ओळखीच्या हसल्या आणि कोर्टाचे नाव काढताच कामाला लागल्या. कोणाचा नवरा दिराच्या बाजूचा, कोणाचा भाऊ. शेवटी कौसाबाईची सासू, म्हणजे त्या दिराचीच आई, काठी टेकीत पुढे झाली. "म्या दिल्ता नाडा. म्या न्हाई सांगायचं तर कुणी? येते मी. पर मोटारीत मळमळतं मला, लिंबू घेऊन चल."

कोर्टात आधी म्हातारी उभी राहिली. समोर पोटचा मुलगा. दिराच्या तरुण वकिलाने दरडावून विचारले, "पोराच्या विरुद्ध बोलायला लाज नाही वाटत?" ती म्हणाली, "एक पोरगा गेला, एक हाय. दोगं बी माझेच. पर नाडा म्या दिल्ता."

मग मी. पिंजऱ्याच्या कठड्याचे लाकूड अनेकांच्या घामाने गुळगुळीत झालेले होते. अक्षर तुझे आहे, असे मी सांगितले. तोच वकील आता नम्रपणे म्हणाला, "आपले बंधू कायद्याचे प्रोफेसर. आपण किती शिकलात?"

"त्यांनी शिकवले तेवढे."

"ही माहिती आपण त्यांना तेव्हाच दिली, असे म्हणता. कुठे दिली?"

"बैलगाडीत."

लोक हसले. "कोणी ऐकणारा होता?"

"गाडीवान होता. त्याचे लक्ष बैलांकडे होते."

पुन्हा हसू उसळले. मुन्सफांनी हात वर केला. तेव्हा वकील खालच्या आवाजात म्हणाला, "म्हणजे आपले बंधू चुकले, असेच आपल्याला म्हणायचे आहे?"

तू हयात असताना हा प्रश्न आला असता तर मी दहा वाक्यांत उत्तर दिले असते आणि प्रत्येक वाक्यात तुला सांभाळले असते. पण जिवंत माणसाला सांभाळता येते. मी म्हणाले, "हो. ते चुकले. आणि ते त्यांना कळले होते."

म्हातारीच्या साक्षीवर मुन्सफांनी मनाई उठवली. दावा निकाली निघेपर्यंत कौसाबाईची पाळी चालू. तिचा गहू पोटरीत, ओंबी बाहेर पडायच्या बेतात, आला आहे. पाणी वेळेवर मिळाले. आवारात ती माझे दोन्ही हात धरून उभी राहिली. तिचे तळहात सालीसारखे खरखरीत होते. मग सासूला घेऊन ती वडीगोद्रीच्या वाटेला लागली. तो तरुण वकील मात्र माझ्याजवळ आला. "बाई, मी साहेबांचा विद्यार्थी. रिवाज शाबीत कसा करावा, हे त्यांनीच शिकवले. त्यांचा लेख मीच शोधून काढला होता." त्याचे डोळे भरले होते. तुझ्यासाठी रडणारे माणूस मला प्रथमच भेटले, आणि ते पलीकडच्या बाजूचे होते. मग त्याला पुकारा झाला.

जालन्याच्या मोटारीत मी खिडकीशी बसले. बाहेर ज्वारीची कणसे भरली होती, राखणदारांच्या हाळ्या वाऱ्यावर तुटत होत्या. आत पेट्रोलचा आणि गुळाचा वास. तुझे रिवाजांचे अर्धे राहिलेले पुस्तक आता मीच पुरे करायचे, असे मनाशी ठरवीत होते; आणि ठरवता ठरवता एक शंका आली. सवयीने मी मोठ्यानेच विचारले, "दादा, नाडा घेतलेल्या बाईने पुढे बैल विकले, तर तिची पाळी राहते का रे?"

"ऱ्हाती की," शेजारून उत्तर आले. मांडीवर गुळाची ढेप घेतलेली एक बाई, माझ्याच वयाची. "बैल मागून आणायचे. आमच्या आत्यानं तर असंच निभावलं मरंपतुर. पाळी न्हाई जात."

मी पिशवीत कागद शोधू लागले. "तुमचे गाव कोणते, बाई?" पण मोटार एका फाट्यावर थांबली होती, आणि ती ढेप डोक्यावर घेऊन घाईने उतरत होती. धुळीतून तिचे हिरवे लुगडे बांधाकडे वळले. तिने मागे पाहिले नाही. तिला वाटले असेल, मी तिलाच विचारले.